दुसरा कंद

काही घटना निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाहीत. हरसूलच्या डोंगरपट्ट्यातली ही त्यांतलीच एक.

सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. उलट्या-जुलाब होऊन नाशिकच्या रुग्णालयात दाखल झालेला एक तरुण तिसऱ्या दिवशी दगावला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, बायकोनेच काढ्यातून विष दिले. अकस्मात मृत्यूची नोंद झालेली होतीच. महिला अंमलदाराला घेऊन मी निघालो.

घरात दोनच बायका. मृताची आई आणि दहा दिवसांची बाळंतीण सून. आईने दारातच सांगितले, "साहेब, हिनंच काढा पाजला त्याला. हिला आत टाका."

सून शांतपणे म्हणाली, नवऱ्याला खोकला होता, म्हणून अडुळशाची पाने उकळून मध घालून दिली. माहेरी तिला झाडपाल्याची जाण होती, आणि तीच आता तिच्या अंगावर आली होती. खरे सांगतो, माझेही मन झाले होते, की उचलावे आणि मोकळे व्हावे. पण लहानपणी प्रत्येक खोकल्याला आईने मला तोच काढा पाजला होता. मी ठरवले, त्याच्या पोटात काय काय गेले हे कळल्याशिवाय अटक नाही. वरून दोनदा विचारणा झाली. मी हटलो नाही.

काढ्याचे भांडे पंचनामा करून सील केले आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, अडुळशाने असे होत नाही. घरात कळलावी होती का, ते विचारा.

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांचा जो वेल चढतो, तो हा. अडलेल्या बाईच्या तळपायाला त्याचा कंद उगाळून लावायची तिकडे जुनी रीत आहे. पोटात गेला तर मात्र तो जीव घेतो. ओढ्याला पूर होता, गाडी येईना, म्हणून या बाळंतपणाला सुईण बोलावली होती. मी पुन्हा त्या घरी गेलो आणि तिला तिथेच बोलावून जबाब घेतला.

"दोन कंद आणलं व्हतं," म्हातारी म्हणाली. "एक लावला. बाळ झाल्याबरोबर पाय धुतलं आन् कंद पुरला. दुसरा लागलाच नाय. तो हिच्या सासूच्या हाती दिला, म्हनलं बांधाला पुर."

मी सासूला विचारले, "कुठे पुरला?"

तिने पुरला नव्हता. सासरी असलेल्या तिच्या लेकीचे बाळंतपण जवळ आले होते. औषधाची वस्तू टाकायची कशाला, म्हणून जपून ठेवला होता. ती उठली, आल्याची टोपली खाली घेतली आणि चाचपत राहिली. आल्यासारखाच दिसणारा तो कंद त्यात नव्हता. मुलगा आजारी पडला त्या एकादशीला तिचा उपवास, सुनेला मऊ भात; वांग्याचा रस्सा एकट्या मुलाने खाल्ला होता.

"वाटण मीच वाटलं," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. मग तिने बेड्यांसाठी दोन्ही हात माझ्यापुढे केले.

बाजेवरून सून बोलली, "साहेब, आत्याबाईंना नेऊ नका. आता आमाला दुसरं कोन हाय?"

मी तिला नेले नाही. कागदपत्रे वरिष्ठांकडे पाठवली. व्हिसेराच्या अहवालानेही कळलावीवरच बोट ठेवले आणि मृत्यू अपघाती ठरला. झाडपाल्याला मी नावे ठेवत नाही. पण सुईणीला कंद लावण्याइतकेच तो पुरणेही ठाऊक होते, आणि घरात राहिली ती फक्त लावण्याची गोष्ट.

तो अहवाल यायला कित्येक महिने लागले. एका फोनवर विसंबून मी त्या पोरीला उचलले असते, तर तोवर ती तान्ह्या बाळासह कोठडीत असती. मी तिच्या दारात त्याच तयारीने गेलो होतो, याची मला आजही लाज वाटते.