डावा कोपरा

कप्तान माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. पायांकडे बघे. त्याच्या भातगिरणीवर कुणी पोतं घेऊन आलं, की हा मान खाली घालून उभा, आणि पोतं खाली टेकायच्या आत म्हणायचा, "तात्या, उजवा गुडघा दुखतोय ना?" तात्या चकित. लग्नासाठी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, बघायला गेला तेव्हाही तेच. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशी हाय रे पोरगी?" तर म्हणाला, "तोंड नाय बघितलं. पण तोल चांगला हाय." वहिनी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "माझं तोंड यांनी हळदीला बघितलं."

खोड कबड्डीची होती. संघात तो डावा कोपरा सांभाळायचा. चढाई करणारा समोरून येतो, हात नाचवतो, डोळे वटारतो, पण कुठे वळणार ते त्याचे पाय आधी सांगतात. कप्तान ते ओळखायचा. वाकायचा, आणि दुसऱ्या क्षणी त्या गड्याचा घोटा त्याच्या दोन्ही हातांत असायचा. तिथून सुटलेला गडी मी पाहिला नाही.

कशेडीचा घाट चढायला लागायच्या आधी, पोलादपूरच्या अंगाला आमचं गाव. पन्नासेक घरं, त्यातली निम्मी शिमग्याला आणि गणपतीला उघडणारी. अशा गावाचा संघ सलग तीन वर्षं जिल्ह्यात पहिला आला. मी त्या संघातला सगळ्यांत लहान चढाईवाला. तिसऱ्या वर्षी पोलादपूरच्या स्टँडपासून गावापर्यंत यायला आमच्या टेम्पोला तीन तास लागले. बायका रस्त्यात ओवाळायला उभ्या होत्या. मुंबईच्या मंडळींनी गावाच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारली आणि तिच्यावर 'जिल्हा अजिंक्य गाव' असं रंगवून घेतलं. दर शिमग्याला ते तिला नवा रंग द्यायचे. पुढे आम्ही एकेक स्पर्धा हरत गेलो, पण रंग काही चुकला नाही. कप्तानाला गिरणीवर जायला त्या कमानीखालूनच वाट होती.

संघ फुटला तो भांडणानं नाही. दोघांना मुंबईत नोकऱ्या लागल्या, ते तिकडच्या संघांतून खेळायला लागले. एकाचा गुडघा गेला. एकानं वीर स्टेशनवर रिक्षा लावली. तेवढ्यात स्पर्धा मातीवरून मॅटवर गेल्या. आम्ही कापणीनंतरच्या शेतात अनवाणी खेळलेले. मॅटवर बूट घालून आमचे पाय आमचेच राहीनात. "मातीत पाय सांगतो तिथं थांबतो रे," कप्तान म्हणायचा. "ह्याच्यावर विचारावं लागतं."

त्यालाही बोलावणं आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या अजिंक्यपदानंतर मुंबईच्या एका कंपनीनं पत्र पाठवलं होतं. नोकरी आणि संघात जागा. वहिनींनी बॅगही भरली होती. हा म्हणाला, "यंदाचं होऊ दे. मी गेलो तर डावा कोपरा कुणाला देऊ?" पुढच्या वर्षी कंपनीनं दुसरा माणूस घेतला होता.

मग तो अडकलाच. जिंकत होतो तेव्हा सोडवेना, आणि हरायला लागल्यावर सोडणं म्हणजे पळून जाणं. पोलादपूरच्या बाजारात पावलापावलावर कुणीतरी अडवायचं, "कप्तान, यंदा काय?" विचारणारे प्रेमानंच विचारायचे. शेवटी तो बाजाराला नदीकडच्या वाटेनं जायला लागला. चिखलातून, लांबून, एकटा. मी एकदा त्या वाटेवर त्याला गाठलं आणि म्हणालो, "दादा, बास कर आता. दुसरा कुणीतरी बघेल." तो म्हणाला, "दुसरा कोण हाय? नाव सांग."

मी चोवीस वर्षांचा झालो त्या हिवाळ्यात महाडला मोठी स्पर्धा होती. आमच्याकडे कसेबसे सात गडी, त्यातले दोन चाळिशीचे. पहिल्याच फेरीत आमची गाठ कॉलेजच्या पोरांशी पडली. भर दुपारी, मैदानाभोवती आमच्या गावची माणसं दोन गाड्या भरून आलेली. एक पोरगा चढाईला आला. कप्तान नेहमीसारखा वाकला, घोट्यावर झेपावला, आणि त्याचा बूट मॅटवर सरकला. तो तोंडावर पडला. पोरगा त्याच्यावरून उडी मारून परत गेला. गर्दीतून कुणीतरी हसलं. ते आमच्याच गावचं होतं, आवाज ओळखू आला.

हरून येताना टेम्पोत कप्तान कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला. गाव यायच्या आधी त्यानं टेम्पो थांबवला, मला खाली उतरवलं, बाकीच्यांना पुढे पाठवलं.

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "मुंबईवरून फोन आला होता. कंपनीचा. निवड चाचणीला बोलावलं होतं तुला."

आमच्या सगळ्यांच्या अर्जांवर संघाचा म्हणून त्याचाच फोन नंबर असायचा.

"कधी हाय?" मी विचारलं.

"आज सकाळी झाली."

मला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "तू गेला असतास तर आज सहाच गडी उरले असते. संघ उतरवता आला नसता. मला वाटलं, एवढी स्पर्धा मारू, मग सांगू. पुढच्या वर्षी परत बोलावतील."

"पुढच्या वर्षी मी वयात बसत नाय, दादा."

"म्हायती हाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता. मला ते सहन होईना. मी चालत घरी आलो.

मी महाडच्या एमआयडीसीत लागलो. तीन पाळ्या, ॲसिडचा वास, सुट्टीच्या दिवशी शेत. सात वर्षं कप्तानाच्या घरची पायरी मी चढलो नाही. गाव लहान, रोज गाठ पडायची. तो वाट सोडून उभा राहायचा, मी पुढे जायचो. त्याच्यावर जेवढा राग होता तेवढाच स्वतःवरही होता, कारण मलाही तेव्हा मनातून वाटलं होतं की महाडची स्पर्धा सोडून जाणं बरं नव्हे. फोन मला मिळाला असता तरी मी गेलो असतो का, हे आजही मला छातीठोक सांगता येत नाही.

तो मात्र संघाची नोंदणी दर वर्षी करत राहिला. पाच गडी असले तरी. कुठे उतरायचं नाही, पण यादीतून नाव काढायचं नाही.

मग एका सकाळी तो माझ्या दारात आला. ओट्यावर बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "प्रणालीला मुंबईच्या पोरींच्या संघानं घेतलंय. राहायची सोय हाय, कॉलेज हाय. उद्याची गाडी हाय वीरवरून." प्रणाली त्याची एकुलती एक लेक. त्याच्याच शेतात, त्याच्याच हाताखाली तयार झालेली.

"बरं झालं की," मी म्हणालो. सात वर्षांतला माझा पहिला शब्द.

"तू तिला गाडीत बसव."

"मी कशाला? तू बाप हायेस."

"मी आलो तर तिला जाऊ देणार नाय," तो म्हणाला. "मला म्हायती हाय. ऐन वेळेला कायतरी काढीन. आईची तब्येत काढीन. यंदा राहू दे म्हणीन. आणि ती ऐकेल, कारण ती माझी पोरगी हाय." तो माझ्या पायांकडे बघत होता. "तुझ्याशी झालं ते एकदा झालं. तिच्याशी नको रे."

दुसऱ्या दिवशी मी पाळी बदलून घेतली. प्रणाली मोटारसायकलवर माझ्या मागे बसली, दोघांच्या मध्ये बॅग. कप्तान दारात आलाच नाही. वहिनी रस्त्यापर्यंत आल्या, लेकीच्या पदरात बांधावेत तसे तिच्या ओढणीच्या टोकाला तांदूळ बांधले आणि मागे फिरल्या. वीरला पोरगी बॅग पायाशी ठेवून फलाटावर उभी राहिली. गाडी आल्यावर म्हणाली, "काका, बाबा रात्रीपासून जेवले नाहीत. मी राहू का?"

माझ्या तोंडाशी 'राहा' हा शब्द आला होता. खरंच आला होता. कप्तान कसा अडकला असेल ते त्या एका क्षणात मला समजलं. मी तिची बॅग उचलून डब्यात ठेवली आणि म्हणालो, "चढ."

परत आलो तेव्हा कप्तान गिरणी बंद करून घराच्या पायरीवर बसला होता.

"गेली?"

"गेली."

"रडली?"

"नाय."

"राहते म्हणाली?"

मी गाडीची किल्ली खिशात टाकली. "नाय," म्हणालो.

त्यानं मान डोलावली. मग आत बघून हाक मारली, "अगो, दोन चहा टाक." मी पायरी चढून आत गेलो.

गेल्या पावसाळ्यात कप्तान गेला. ते शेवटचं 'नाय' खोटं होतं, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.