कंडमच्या कागदावरची तिसरी सही

माझ्या थोरल्या बहिणीने आमच्या वडिलांना फसवलं, आणि तेही कागदावर सही करून. जबलपूरच्या कारखान्यांतून लिलावात निघणारा कंडम, म्हणजे मोडीत काढलेला, माल घेऊन मी शून्यातून धंदा उभा केला. त्यात फसवणारे रोज भेटले. पण घरातलं माणूस आपल्याच सहीवर उलटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाबा तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात टर्नर होते, तीस वर्षं एकाच लेथवर. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, डोकं मात्र पहिल्यासारखंच तापायचं. आई घास भरवायची, अंघोळ मी घालायचो. चार महिने त्यांनी हे चालू दिलं. मग एका रविवारी आई, ताई आणि मी अशा तिघांना दीक्षितपुऱ्यातल्या घरी खाटेजवळ बसवून म्हणाले, "मला कंडम करा."

कारखान्यात जुनं मशीन मोडीत काढायचं तर तिघांची कमिटी बसते. पाहणी होते, तिघं सह्या करतात, मशीनवर लाल फुली पडते. त्यानंतर त्याला कोणी तेल घालत नाही. बाबांना अगदी तसंच, रीतसर हवं होतं. अन्न बंद, औषध बंद, डॉक्टर बंद. फक्त नर्मदेचं पाणी.

"मला मारा म्हणून नाही राहिलो," ते म्हणाले. "ओढून ताणून चालवू नका, एवढंच म्हणून राहिलो."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्याच कारखान्यातली एक कंडम लेथ मी घेऊन विकली. अजून चालून राहिली."

"कमिटीनं नीट पाहिली नसंल."

"म्हणूनच म्हणतो, घाई नको."

"चार महिने तू माझी पाठ घासून राहिला. तुले काहून घाई नाही?"

त्याच आठवड्यात सीमेवर लढाई सुरू झाली होती. कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, रजा बंद झाल्या, तिथेच कामाला असलेला ताईचा नवरा तर दाढी करायलाही घरी येईना. मी लगेच भाव पाडला.

"आत्ता गेलात तर खांद्याला चार माणसं मिळणार नाहीत. सगळे ड्यूटीवर. कोणी तुमच्यासाठी पाळी बुडवली, तर तेवढे गोळे कमी पडतील. लढाई संपू द्या."

बाबा म्हणजे विनाकारण एकही रजा न घेतलेला माणूस. म्हणाले, "उत्पादनात खोट नको."

सौदा ठरला. लढाई संपेपर्यंत त्यांनी जेवायचं, नंतर आम्ही आड यायचं नाही. कागद मी लिहिला. माझी सही झाली, आईने डोळे पुसत अंगठा उठवला, आणि शाळेत शिकवणाऱ्या ताईने खाली रेघ ओढून झोकदार सही केली. माझा हिशेब होता की लढाया वर्षानुवर्षं चालतात. ही दोन आठवड्यांत आटपली. गल्लीत फटाके वाजत असताना बाबांनी समोरचं ताट डाव्या हाताने सरकवलं.

"झाली ना? चलो."

उभ्या आयुष्यात इतका वाईट सौदा मी केला नाही.

मग रोज सकाळी मी स्कूटरवरून तिलवाऱ्याच्या घाटावर जाऊन नर्मदेचं पाणी आणू लागलो. नागपूरचे नातेवाईक निरोप घ्यायला आले आणि मुक्कामाला राहिले. पलीकडच्या खोलीत ते वरणभात जेवायचे, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेजारची पंडिताईन दाराशी येऊन विचारायची, "भैया, बाबूजी का कब तक का है?" जणू मी स्टेशनवरचा चौकशीवाला. सहाव्या दिवशी तिने हात जोडले. बाबूजींच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

नवव्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं.

"नर्मदेले मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

भिंतीवरून त्यांच्या पाण्याच्या गडूपर्यंत मुंग्यांची रांग होती. ती मला चौथ्या दिवशीच दिसली होती. मी ओल्या फडक्याने पुसून घेतली होती, स्वच्छता म्हणून. कोणाला काही विचारलं नव्हतं.

ताईने पिठाच्या डब्यामागून ग्लुकोजचा डबा काढून समोर ठेवला.

"सही कोणाची हाय?" बाबांनी विचारलं.

"माझीच."

"मग?"

"सही कमिटीवाली म्हणून केली, बाबा. ग्लुकोज मुलगी म्हणून घातलं."

त्यानंतर अर्धा तास बाबांनी तोंड सोडलं. कारखान्यातल्या हिंदी शिव्या नागपूरच्या पाहुण्यांनी पहिल्यांदाच इतक्या एकत्र ऐकल्या असतील. ओरडून ओरडून बाबांना घाम फुटला आणि मग भूक लागली.

"धड मरू देत नाही, तर धड जेवू तरी घाला."

दोन बशा पोहे खाल्ले.

पुढची तीन वर्षं बरी गेली, हे मी कबूल करतो. बाबा काठी टेकत चालू लागले. सदर बाजारात नेऊन मी त्यांना खव्याची जलेबी खिलवली. मग दुसरा झटका आला. बोलणं पुरतं गेलं, डावा हातही गेला. अकरा महिने ते पडून होते. चमचा जवळ नेला की ओठ आवळून घ्यायचे. भूक नाही म्हणून, की नको म्हणून, हे आम्हाला कळलं नाही, किंवा आम्ही कळून घेतलं नाही. गाल दाबून आम्ही पेज घालायचो. आई घालायची, ताई घालायची, मीही घातली. या वेळी, ते जाईपर्यंत, कोणी कागद काढला नाही.

ताईकडे हा विषय काढला की ती विचारते, "त्या तीन वर्षांत तुझ्या पोरीला पाढे कोणी शिकवले?" बाबांनी शिकवले. ती तीन वर्षं ताईनेच मिळवून दिली, त्यावर मी घासाघीस करत नाही. पण आवळलेले ओठ उघडायला आम्ही बाबांचे गाल दाबत होतो, ते कोणाच्या परवानगीने? लिहून दिलेला माणूस बोलू शकत नाही म्हणून त्याचं लिहिलेलं रद्द होतं का? ताईने आयुष्यभर वर्गात मुलांना उभं करून उत्तरं घेतली. आता तिने माझ्यासमोर बसावं आणि एवढं एक उत्तर द्यावं.