पाय बघून वाजवणारा ढोल

शेळगावच्या जत्रेत परवा पोरं ढोलाच्या ठेक्यावरचा गजी नाचायला उतरली, आणि लावलं काय, तर डीजे! भंडाऱ्याचा वास तेवढा जुना होता. तो नाकात गेला आणि मला माझा चुलता, तात्या, दिसला. हातात रुमाल घेऊन नाचणारा. त्याच्यासमोर गळ्यात ढोल अडकवलेला, शेजारच्या शेतातला आबा.

दोघांची शेताच्या बांधावरून बोलचाल बंद होती. माझ्या लहानपणीच्या जत्रेतल्या त्या दुपारी आबा तात्याच्या पायांवरून नजर हटवत नव्हता, ती ठेका चुकवून त्याला पाडायलाच. तात्यानं पाय उचलला की आबा ठेका पळवायचा, गिरकी घेतली की एकदम संथ करायचा. तात्या घामानं निथळत होता, पण पाय चुकत नव्हता. उलट तोच मुद्दाम रेंगाळून आबाला ताटकळत ठेवायचा.

"वाजव की! हात मोडलं का?" तात्या ओरडला.

"आदी पाय तर उचल!" आबा खेकसला.

मी भीतीनं आईला चिकटले. वाटलं, आता डोकी फुटणार. आज कळतं, इतका देखणा गजी मी पुन्हा कधी पाहिलाच नाही.

त्यांचं वैर मिटलं नाही. आबा गेल्यावर मात्र तात्यानं रुमाल कधी हातात धरला नाही. कुणी आग्रह केला की अंगावर धावून यायचा. "नाचू कुणासंगं? पाय बगणारा हाय का कोण?"

परवा पोरांचे पाय धडाधड चुकत होते, आणि डीजेवाला मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.