अर्ध्यावर थांबवलेला दगड

गल्लीत तिला सगळे दगडवाल्या बाई म्हणायचे. त्यात टिंगल थोडी आणि कौतुक जास्त. तिचं कामच तसं होतं. जमिनीच्या पोटात, खूप खोलवर, गारेचे, म्हणजे गारगोटीचे, दगड न तुटता वाकतात कसे, हे ती प्रयोगशाळेत दगड दाबून बघायची. खडूच्या तुकड्याएवढी दगडाची कांडी धातूच्या पातळ नळीत घालायची, बरोबर पाण्याचा एक थेंब, मग नळी बंद. भोवती चिमुकली भट्टी आणि वर माणसापेक्षा उंच दाबयंत्र.

पाणी कशाला? तर कोरडी गार महाहट्टी. लालबुंद होईपर्यंत तापवली तरी नमायचं नाव नाही. जोर वाढवत गेलं की शेवटी टक्कन तुटते. तिला थेंबभर पाणी मिळालं की मात्र तीच गार न वितळता हळूहळू पसरायला लागते.

हे ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "दगडाला पाझर फुटतो म्हणतात. दगडाला पाणी पाजतात हे आजच कळलं."

सासूबाईंचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं होतं आणि जीभ कात्रीसारखी चालायची. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि घरी स्वयंपाक करायचा. चव बेताची, उत्साह दांडगा. एकूण घर ठीक चाललं होतं.

घोडं अडलं होतं प्रयोगशाळेत. प्रयोग संपला की दगडातले मोठे कण नाहीसे झालेले असायचे आणि जागोजाग पिठासारखे बारीक कण दिसायचे. तिचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते म्हणायचे, "मोठे कण भरडले गेलेत."

ती म्हणायची, "भरडलेले नाहीत, सर. नवे उगवलेत."

प्रयोग मधेच थांबवून बघावं, हे दोघांनाही कळत होतं. पण यंत्र एकच आणि रांग लावून बसलेले पुष्कळ. अर्धवट प्रयोगासाठी पाळी कोण देणार?

अशातच तिने एक लांबलचक प्रयोग सुरू केला. यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेलेला, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर. एका सकाळी यंत्राच्या पडद्यावरची, दगडाचा जोर दाखवणारी रेषा जरा कलली. दगड नुकता कुठे नमायला लागला होता, आणि नवऱ्याचा फोन आला.

"आई न्हाणीघरात पडली. उठताच येत नाहीये. दवाखान्यात नेतोय. तुझंच नाव घेतेय सारखं."

तिने फोन ठेवला तेव्हा सर शेजारीच रेषा बघत उभे होते. सरांनी विचारलं, "काय झालं?" तिने सांगितलं.

"मग जा."

"आणि हे?"

"भट्टी बंद कर. दाब मी उतरवतो."

भट्टी बंद केली की दगड पटकन थंड होतो आणि आतले कण आहेत तसे थिजतात. दाब मात्र सावकाश सोडावा लागतो, नाहीतर कांडी तडकते. सरांनी यंत्राला हात लावून जमाना झाला होता. तिने त्यांना दाब सोडायची झडप कशी फिरवायची ते दाखवलं.

"अगदी हळू, सर. घाई केलीत तर चिरा पडतील."

"आणि तू घाई केली नाहीस तर सासूबाई रागावतील. पळ."

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया ठरली. खाटेवर पडल्या पडल्या सासूबाईंनी विचारलं, "काम अर्धवट टाकून आलीस?"

"हो."

"म्हणजे नासलं?"

"बहुतेक नासलं."

"अगं, खोटं तरी बोलायचंस!" सासूबाई म्हणाल्या, पण सुनेचा हात काही त्यांनी सोडला नाही.

तिने मोठी रजा काढली. सासूबाई काठी टेकत पहिल्यांदा दारापर्यंत जाऊन आल्या, त्या दिवशी त्यांनीच तिला कामावर पिटाळलं.

सरांनी कांडी कापसात गुंडाळून ठेवली होती. तिने तिची चकती कापली, काचेवर चिकटवली, प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मोठे कण अजून होते. चपटे, लांबट, कडा नागमोडी झालेल्या. आणि त्या कडांना लागून बारीक स्वच्छ कणांची झालर. सुरुवात कुठून होते ते समोर दिसत होतं. मग तिने सरांना हाक मारली.

सरांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं.

"हे भरडलेले नाहीत," ते म्हणाले. मग काच थोडी सरकवली. "पण इथे ये. या कोपऱ्यातले मात्र तुटलेलेच आहेत. बघ, कसे धारदार आहेत."

तिने पाहिलं. खरंच होतं. मग दोघंही खो खो हसत सुटले. बहुतेक कण उगवलेले, थोडे तुटलेले. इतकी वर्षं दोघांनी आपापलं टोक उगाच धरून ठेवलं होतं.

त्यानंतर तिने मुद्दाम मधेच थांबवायच्या प्रयोगांसाठी पाळ्या मागितल्या, आणि या वेळी सरांनीच त्या मिळवून दिल्या. पुढची कितीतरी वर्षं तिचं तेच काम झालं.

सासूबाईंनी एकदा हट्ट धरला, मला बघायचंय. नवऱ्याने त्यांना आणलं, स्टुलावर बसवलं. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला.

"यातले जुने कोण?"

"ते लांबट."

"आणि ही चिल्लीपिल्ली नवी?"

"हो."

"काच हलव ना जरा. पलीकडे काय आहे?"

तिने काच हलवली. पुन्हा हलवावी लागली, पुन्हा. सासूबाई उठायला काही तयार नव्हत्या. शेवटी सुनेने दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसून पुढची चकती घासायला घेतली.