रविवारी उघडायची घरं

सिस्टरबाई दुकानात आल्या की पिशवीतून एखादं कुलूप काढून काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आप्पा, ह्याला दम लागतोय. बघा जरा." कुलूप गंजलेलं असायचं, किल्ली अर्ध्यात अडायची. मी तेलाचे दोन थेंब सोडायचो, तोवर त्या नाडी बघावी तसं ते दोन बोटांत धरून उभ्या. किल्ली फिरली की "सुटला बिचारा" म्हणत कुलूप पुन्हा पिशवीत जायचं. सारी नोकरी नर्स म्हणून काढलेल्या बाईला कुलूपसुद्धा पेशंट वाटलं तर त्यात नवल काय?

चौसाळ्याला हायवेवर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. आमच्याकडे कुलपांचाही सीझन असतो, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी माणसं बायकापोरांसह, भांड्याकुंड्यांसह ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघताना प्रत्येक घराला कुलूप लागतं. त्या आठवड्यात मला जेवायला फुरसत नसायची. लोक घर सोडून चालले म्हणून माझा गल्ला भरायचा, हे तेव्हा कधी मनात आलं नाही. आता लिहिताना येतंय आणि बरं वाटत नाही.

सिस्टरबाई अशाच एका वस्तीवर राहायच्या. चौसाळ्यापासून टमटमने अर्धा तास, घरं तेवीस. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काढली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या ख्रिस्ती बाई, आणि आसपासच्या चार गावांत त्या धर्माच्या त्या एकट्याच. रिटायर झाल्यावर त्या आपल्या माणसांत जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांनी फंडाच्या पैशातून त्याच वस्तीवर दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढे ओटा केला, दारात शेवगा लावला. त्या घराच्या कड्या-बिजागऱ्या माझ्याच दुकानातल्या. एक कडी चारदा बदलून नेली. "आप्पा, मरेपर्यंत हीच कडी लावायची हाय मला, नीट बघून द्या," म्हणाल्या.

वस्तीवरची निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे ऊसतोडीला निघताना किल्ल्या त्यांच्याकडे यायच्या. औषधांच्या जुन्या कपाटात त्यांनी आकडे ठोकले होते आणि प्रत्येक किल्लीला चिकटपट्टी लावून तीवर नाव लिहिलं होतं. इथवर तुम्हालाही ओळखीचं वाटेल. विश्वासाचं माणूस प्रत्येक गावात एखादं असतंच. पण या बाई किल्ल्या नुसत्या सांभाळत नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं.

एका रविवारी त्यांच्या मागच्या दाराला कुलूप-कोयंडा बसवायला मी वस्तीवर गेलो होतो. थंडीचे दिवस. एवढी तेवीस घरं, पण कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कुत्री माणसांबरोबर गेली होती. शेळ्या राखणारा एक म्हातारा तेवढा ओट्यावर बसला होता.

"सिस्टर कुठं हायेत?" मी विचारलं.

"बाई आज तिकडल्या घरात ऱ्हात्यात," त्याने शेवटच्या घराकडे बोट केलं.

दार सताड उघडं होतं. आत जमीन झाडलेली, चुलीवर चहा, आणि परक्याच्या घरात सतरंजीवर बसून सिस्टरबाई चष्मा लावून मोठ्याने पवित्र शास्त्र वाचत होत्या. समोर ऐकायला चार भिंती.

"कावून हो सिस्टर, स्वतःचं घर सोडून हितं?"

"या, बसा. बीडच्या चर्चला जायचं तर गुडघे न्हाई म्हणत्यात. मंग रविवारी हितंच भरवते. दर रविवारी चार-पाच घरं. उघडायची, झाडायची, थोडं बसायचं. बसल्याबिगर घर उघडल्यासारखं होत न्हाई, आप्पा."

मी थट्टेने म्हटलं, "म्हंजे तेवीस घरांच्या मालकीण की तुमी."

"मालकीण न्हाई. ऱ्हाणारी. त्यांच्या बदली."

मग त्यांनी मला जे वाचत होत्या ते समजावून सांगितलं. फार जुन्या काळी, उद्ध्वस्त होऊन परत आलेल्या लोकांना एका संदेष्ट्याने देवाचं वचन सांगितलं होतं की, मी नवं आभाळ आणि नवी पृथ्वी करतो आहे. मी म्हणालो, "नवं आभाळ कशाला? ह्याच आभाळाला जरा येळेवर पडायला सांगा की."

त्या हसल्या. "फुडं तर ऐका. नव्या जगात काय काय असंल, ते सांगितलंय. सोनं न्हाई, महाल न्हाई. म्हणतो, माणसं घरं बांधतील आन त्या घरात सोता ऱ्हातील. बांधायचं एकानं आन ऱ्हायचं दुसऱ्यानं, असं व्हणार न्हाई. लावलेल्या झाडाचं फळ सोता खातील. बस. एवढंच."

"एवढ्यासाठी नवं आभाळ लागतं व्हय?"

"लागतंय आप्पा. ह्या आभाळाखाली तेवढं बी कुठं जमलंय?"

मी त्या घराकडे पाहिलं. पक्क्या विटांचं, नुकता रंग दिलेलं, खिडकीला ग्रिल. बांधणारे नवरा-बायको त्या वेळी सांगलीकडे कुठेतरी उसाच्या पाल्याच्या खोपीत झोपत असणार. आम्ही सोमवारी कपिलधारला जाणारी माणसं, धबधब्याखाली हात जोडून घरादाराचं बरं मागणारी. घरात राहायला मिळावं हेही देवाकडे मागायचं असतं, हे आमच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

शेळीवाला म्हातारा एव्हाना दाराशी येऊन टेकला होता. बाईंनी पुढचं सांगितलं की, त्या जगात लांडगा आणि कोकरू एका जागी चरतील, सिंह बैलासारखा कडबा खाईल. म्हातारा विचारात पडला.

"हितं शेळ्यास्नी पाला मिळंना. सिंव्हाला कडबा कुठनं आणायचा?"

"देव बघंल की, बाबा."

"आन लांडगा असा गुणाचा झाला तर मी काय काम करायचं?"

"तुमी बसून ऱ्हायचं. घरात."

म्हातारा बराच वेळ हसत राहिला. घरात बसून राहायची कल्पना त्याला सिंहाच्या कडब्याहून अवघड वाटली असावी.

त्या वचनात आणखी एक ओळ होती. थोडक्याच दिवसांचं होऊन जाणारं बाळ त्या जगात असणार नाही, अशा अर्थाची. ती ओळ त्या मोठ्याने वाचत नसत. पुढे दोन-तीनदा मी त्यांच्या समोर बसलो, तेव्हा लक्षात आलं. तिथे आल्या की थांबायच्या, चष्मा पुसायच्या आणि पुढच्या ओळीवर जायच्या. एकदा मी विचारलंच. "उसाच्या फडात बाळंत झालेल्या लई जणी बघितल्यात मी," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसं परतली की सिस्टरबाईंचा खरा सण. दारं उघडायची आणि आत कोंदट वास नसायचा. एकदा एका बाईने दुकानात मला हसत हसत सांगितलं की तिने सिस्टरबाईंना जाब विचारला, माझ्या चुलीवर कुणी रांधलं म्हणून. बाई म्हणाल्या, "मी. तुझ्या घराला भूक लागलती." आणि वापरलेलं मीठ, चहा, साखर सगळं मापात परत ठेवलेलं होतं.

एकदा बीडच्या चर्चचे पाळक आले त्यांना भेटायला. तरुण, नीटनेटके, बोलायला गोड. मी दाराची चौकट दुरुस्त करत होतो, म्हणून ऐकत होतो. बाईंनी घरांच्या त्या वचनाचा आपला अर्थ सांगितला, तसं ते मायेने म्हणाले, "सिस्टर, ही घरं म्हणजे विटामातीची नव्हेत. हे आत्मिक घर आहे. देवाजवळचं."

बाईंनी त्यांना चहाचा कप दिला आणि विचारलं, "त्या घरात बाळंतिणीला निजवता येतं का, पाळकसाहेब?"

पाळक थोडे गडबडले. "तुम्ही फार लहान अर्थ घेता," म्हणाले.

"आमची वस्तीच लहान हाय," बाई म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. देवाच्या पुस्तकाचा अर्थ लावायचा माझा वकूब नाही, पाळक शिकलेला माणूस होता, त्याचंच बरोबर असेल. तरी चौकट ठोकता ठोकता मी मनातल्या मनात बाईंच्या बाजूने झालो होतो.

मग त्या पडल्या. रविवारीच. कुणाच्या तरी घरात, झाडून झाल्यावर उंबऱ्यात पाय अडकला. ऊसतोडीचा सीझन, वस्तीवर माणूस नाही. सकाळी पडलेल्या बाई दुपार कलेपर्यंत तशाच. शेळीवाला परत आला तेव्हा त्याला हाक ऐकू आली, त्याने मला फोन लावला. मी जीप घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच तास ऱ्हाईले ह्या घरात. आजवर एवढा येळ कुणाच्या घरी बसले न्हवते." मला हसू आलं नाही.

पुण्याहून भाचा आला. भला माणूस, त्याला दोष देऊन चालणार नाही. म्हणाला, "मावशी, इथं आता कोण आहे तुला?"

"तेवीस घरं हायेत."

"त्यात माणसं किती आहेत?"

बाईंनी शेळीवाल्याला कपाटातल्या किल्ल्या काढायला सांगितल्या.

निघायच्या दिवशी भाच्याने गाडी दुकानासमोर थांबवली. त्यांना उतरता येत नव्हतं, मी खिडकीशी गेलो. वस्तीच्या किल्ल्या त्यांनी शेळीवाल्याकडे दिल्या होत्या. हातात एकच होती. तिला चिकटपट्टी लावलेली, तीवर त्यांच्याच अक्षरात त्यांचंच नाव.

"माझं बी झालं बघा त्यांच्यावाणी," किल्ली माझ्या हातात ठेवत त्या म्हणाल्या. "बांधलं मी, आन चालले. तुमी रविवारी उघडा, आप्पा. झाडा. थोडं बसा."

मी "हो, हो, काळजी करू नका" म्हणालो. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला पत्रे मोजून द्यायचे होते. आपण किती सहज हो म्हणतो, तुम्हीही म्हणत असाल.

पुण्यात त्या महिनाभरच जगल्या. त्या महिन्यात दर रविवारी चारच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. "आप्पा, घर उघडलं का?"

"उघडलं की," मी सांगायचो. पहिल्या रविवारी खरंच जाणार होतो, पण माल उतरवायचा होता. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी काही नव्हतं, नुसता कंटाळा. "झाडलं का?" "झाडलं." "बसला का थोडं?" "बसलोय. आत्ता बी हितंच हाय." गल्ल्यावर बसून मी हे बोलत होतो. "बरं," म्हणून त्या फोन ठेवायच्या.

तिसऱ्या फोननंतर मला जेवण गेलं नाही. चौथ्या रविवारी मी दुकान बंद केलं आणि वस्तीवर गेलो.

दार उघडलं तर महिन्याची धूळ. झाडू सापडायला वेळ लागला, मला नीट झाडताही येत नव्हतं. सामान भाच्याने नेलं होतं, खोल्या मोकळ्या होत्या. कपाट होतं तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. मी जमिनीवर बसलो. काय करायचं असतं बसून, ते मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं. चार वाजता फोन वाजला.

"आप्पा, उघडलं का घर?"

"उघडलं, सिस्टर. झाडलं. बसलोय."

मग त्या म्हणाल्या, "आज खरंच हायेत तुमी घरात."

"म्हंजे?"

"आवाज घुमतोय. मागल्या तिन्ही बारीला मागं ट्रकांचे हॉर्न वाजत व्हते."

माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "असू द्या. तुमी उघडलं म्हणला की तेवढ्यापुरतं मला उघडल्यागत वाटायचं. आता एक करा. बोलू नका. फोन तसाच उंबऱ्यावर ठेवा."

मी ठेवला. बाहेर शेळीवाल्याच्या शेळ्या चालल्या होत्या. शेवग्यावर कसलं तरी पाखरू ओरडत होतं. दार वाऱ्याने थोडं हललं, कडी वाजली. खोकला आला तो मी गिळला. या घरात आत्ता राहत होत्या त्या बाई, मी नव्हतो.

बऱ्याच वेळाने मी फोन उचलून कानाला लावला. त्या अजून होत्या. श्वास ऐकू येत होता.

"झालं," त्या म्हणाल्या. "लावा आता कुलूप. तुमचं गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

मी हो म्हणालो. फोन ठेवला गेला. पण उठवेना. दार तसंच उघडं ठेवून मी दिवस मावळेपर्यंत तिथे बसून राहिलो.