सिरिंजने झुरका घेणारा बाळ केणे

उल्हासनगरच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची दुकानं पायलीची पन्नास. त्यांतल्याच एका जिन्याखाली, माणूस आत शिरला की काउंटर बाहेर काढावा लागेल एवढ्याशा जागेत बाळ केणे बसत असे. पन्नाशी उलटलेला, अंगाने काटकुळा. मूळचा अंबरनाथकडच्या पालेगावचा आगरी, पण राहायला बदलापुरात हेंद्रेपाड्याला, भाड्याच्या दोन खोल्यांत. घरात तो आणि मुलगी मनाली. बायको रखमा गेल्यापासून दोघंच.

मोबाइलचं काम हळूहळू आटलं. लोक बिघडलेला फोन दुरुस्त करण्याऐवजी नवा घेऊ लागले. त्याच सुमारास बाजारात ते पेन आलं. पेन म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. खाली बॅटरी, वर लिक्विडची नळी. देशात तिच्या विक्रीला बंदी आहे, त्यामुळे ती बिघडली तर कंपनीकडे न्यायची सोय नाही. मग गिऱ्हाईक इकडे तिकडे बघत जिन्याखाली यायचं आणि हळूच म्हणायचं, "काका, ये खींचता नहीं है."

न ओढण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असे. त्या बॅटरीत हवेचा दाब ओळखणारा एक इवलासा पडदा असतो. माणसाने झुरका घेतला की हवा आत खेचली जाते, पडद्याला ते कळतं आणि दिवा लागून नळी तापते. खिशातला कचरा आणि गळालेलं लिक्विड मिळून हवेचं भोक बुजलं की सगळंच ठप्प. बाळ नळी फिरवून काढायचा, बॅटरी उपडी धरायचा म्हणजे घाण आणखी आत उतरत नाही, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने आतली चिकटी पुसायचा, सुईने भोक मोकळं करायचा. सुई अलगद, नुसती तोंडाशी. जोर केला की पडदा फाटला. फुंकर तर कधीच मारायची नाही. नळीला वीज देणारा मधला पितळी ठिपका दबला असेल तर तो केसभर वर उचलायचा. मग वाळू द्यायचं आणि ओढून बघायचं.

ओढून बघायचं, इथेच बाळची पंचाईत होती.

रखमा दम्याने गेली होती. लहानशी खोली, एकच खिडकी आणि बाळच्या विड्या. ती आयुष्यभर सांगत राहिली, "बाहेर जाऊन ओढा हो," आणि तो आयुष्यभर म्हणत राहिला, "ही शेवटची." दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही उतरत नव्हता. भाऊबंद एकेक करून बोलून गेले. मनालीला शिकवू, मनालीचं लग्न करू, दागिने तिलाच देऊ. कावळा ढिम्म. शेवटी बाळ पुढे झाला, हात जोडले आणि रडत सगळ्यांदेखत म्हणाला, "रखमा, पुन्हा कधी धूर तोंडाला लावणार नाय. कसलाच नाय." बोलून तो मागे सरतो न सरतो तोच कावळा खाली आला.

त्या दिवसापासून पालेगावात बाळला मान मिळाला. बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. आणि हीच गोष्ट त्याचा थोरला भाऊ बुधाजी याच्या डोळ्यांत सलू लागली. बुधाजीने शेतात इमारती उठवल्या होत्या, दारात गाडी होती, गळ्यात बोटाएवढी साखळी होती. पण गावातली म्हातारी माणसं चांगलं म्हणायची ती बाळला. तो चारचौघांत म्हणायचा, "कावल्याला भूक लागली व्हती म्हनून तो आला. ह्याला वाटतंय, ह्याच्या शब्दासाठी आला."

मग ओढून कसं बघायचं? बाळने त्यावर तोड काढली होती. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, तिच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा बसवला. नळी पेनच्या तोंडाला लावायची, दट्ट्या मागे ओढायचा. हवा खेचली जायची, दिवा लागायचा, सिरिंजमध्ये पांढरी वाफ भरायची. ती तो जिन्याबाहेर नेऊन सोडून द्यायचा. गिऱ्हाइकं हसायची. बाजारात त्याचं नाव 'इंजेक्शनवाला काका' पडलं होतं. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचा शब्द शाबूत होता.

मनालीचं लग्न जांभूळ गावच्या हितेशशी ठरलं. हितेशचे वडील नव्हते, घरात शब्द चालायचा तो त्याच्या काकाचा, चंदरचा. स्थळ बुधाजीने आणलेलं, आणि हळदीचा मांडवही बुधाजीच्याच अंगणात. बाळच्या दोन खोल्यांत हळद कुठली लागणार? मनाली आनंदात होती. हितेश तिला आवडला होता. आईच्या मागे बापाचं करता करता तिची तिशी जवळ आली होती, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये एवढंच बाळ रोज देवाजवळ मागत होता.

हळदीच्या दिवशी सकाळीच बुधाजीचा फोन आला. "बाल्या, हत्यारं घेऊन ये. चंदरशेठचा पेन बसलाय. सांजच्याला उष्टी हलद घेऊन येतील, तवा करून दे."

"आणतो, दादा. मागच्या खोलीत बसून करून देईन."

"मागं कशाला? आपला हुनर लपवायचा असतो काय रं?"

संध्याकाळी मुलाकडची मंडळी नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन आली. आगऱ्यांत ती हळद लागल्याशिवाय नवरीची हळद लागत नाही. मनाली पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती, बायका गात होत्या. चंदर खुर्चीवर ऐसपैस बसला. बुधाजीने हात वर करून गाणं थांबवलं.

"अगोदर आमच्या इंजिनेराचं काम बगा!"

मांडवाच्या मधोमध स्टूल आलं. बाळ खाली मान घालून बसला. पेनची नळी काढली, बॅटरी उपडी धरली, काडीने पुसली, भोकातला काळा गोळा सुईने उचलून काढला. चंदर बाजूच्यांना सांगत होता, "मी फुंकून फुंकून मेलो, नाय मोकला झाला."

"फुंकायचं नसतं, शेठ. आत जातं," बाळ हलकेच म्हणाला.

"बघा, मास्तर शिकवतायत!" बुधाजी ओरडला. सगळे हसले.

बाळने नळी पुन्हा बसवली आणि पिशवीतून सिरिंज काढली. त्याबरोबर बुधाजीने ती त्याच्या हातातून घेतली, जमिनीवर टाकली आणि बुटाच्या टाचेखाली चिरडली.

"पाव्हन्याच्या चीजवस्तूला सुई टोचतोस व्हय? तोंडानं ओढून दाखव."

"दादा, तुला माहीत हाय."

"काय म्हाईत हाय? त्यो धूर थोडाच हाय? वाफ हाय वाफ. इडली खातंस का नाय?"

पुन्हा हशा. बाळ उठून चंदरपुढे गेला, पेन दोन्ही हातांनी पुढे केलं. "झालंय, शेठ. तुम्हीच बघा ओढून."

चंदर हात पुढे करणारच होता. पण बुधाजी वाकून त्याच्या कानाशी काही बोलला, आणि चंदरला मजा सुचली. तो मागे रेलला. "नाय व्याही. तुमी ओढला तरच माना भरवसा वाटंल. आमच्या घरची सोयरीक करताव आनि आमचा पेन तोंडाला लावाया लाज वाटते? आमी काय रोगी हाव?"

"तसं नाय, शेठ. मी शब्द दिलाय."

"कोनाला? कावल्याला?" चंदरने हळदीची वाटी धरून बसलेल्या आपल्या भावजयीकडे, हितेशच्या आईकडे पाहिलं. "वयनी, वाटी उचला. व्याह्यांच्या तोंडाला आमचा इटाल व्हतो. हलद परत न्या."

ती बाई खरंच उठली.

बाळ पेन हातात धरून उभा होता. एक झुरका. श्वासही पुरता आत घ्यायचा नव्हता. नुसता दिवा लागला की संपलं. त्याने पेन ओठांच्या दिशेने नेलं आणि हात थांबला. आपण ओढलं तर रखमा कुठे जाईल, हे त्याला कळेना. हितेशच्या आईने मांडवाच्या बाहेर पाऊल टाकलं.

पाटावरून मनाली उठली. कोणी काही म्हणायच्या आत तिने बापाच्या हातातून पेन घेतलं, ओठाला लावलं आणि ओढलं. टोकाचा दिवा निळा लागला. तिला ठसका लागला, नाकातोंडातून वाफ बाहेर आली. तिने पेन चंदरच्या हातात दिलं.

"चालू झालं, काका. आता हळद लावा."

एक म्हातारी "अगं बाई बाई" म्हणाली. मग चंदर टाळी वाजवून हसला. "वा! सून तयारीची गावली!" हितेशची आई परत आली. तिने एका बोटाच्या टोकाने मनालीच्या गालाला हळद लावली आणि ते बोट पदराला पुसलं.

बाळच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आपला शब्द राहिला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं. मुलीकडे त्याने त्यानंतर पाहिलं.

लग्न झालं. पण ती गोष्ट जांभूळला नवरीच्याही आधी पोहोचली होती. हळदीच्या पाटावर बसून, सासरच्या माणसांसमोर, नवरीने झुरका मारला. का मारला, हे कोणी सांगत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. हितेश हळूहळू काकाबरोबर हसायला शिकला. सासूने तिला देवघरात जायला मना केलं. "ज्या तोंडानं वडतेस त्या तोंडानं आरती नको." आणि चंदरला एक नवा खेळ मिळाला. घरात पाहुणे आले की तो पेन पुढे करायचा. "सूनबाई, दाखव जरा." ती नाही म्हणाली तर हितेश म्हणायचा, "मांडवात बरी ओढलीस."

बाळ महिन्या-दोन महिन्यांनी जांभूळला जायचा. चंदर त्याला कधी 'बसा, चहा घ्या' म्हणाला नाही. आधी पेन द्यायचा. "भोक बसलंय, व्याही." बाळ ओसरीवर बसून नळी काढायचा, पुसायचा, सुई फिरवायचा. सिरिंज त्याने नवी घेतली होती. पण चंदर हाक मारायचाच, "सूनबाई, बाहेर ये. टेस्टिंग!" मनाली यायची, ओढायची, दिवा दाखवायची, आत जायची. बाळ तोवर हत्यारं पिशवीत भरत राहायचा. पिशवी भरायला त्याला फार वेळ लागायचा.

एकदा ओसरीवर चंदरचे चार मित्र बसले होते. पेन साफ झालं. चंदरने हाक मारायला तोंड उघडलं, आणि बाळने सिरिंजला हात लावलाच नाही. त्याने पेन उचललं, ओठाला लावलं आणि छाती भरून ओढलं. दिवा लागला. इतक्या वर्षांनी फुप्फुसांत काही गेलेलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो खोकला. खोकला थांबल्यावर त्याने पेन चंदरपुढे केलं.

"झालं, शेठ. तिला बोलवू नका."

अगदी साधेपणाने, खरंच नवल वाटल्यासारखं चंदरने विचारलं, "मंग त्या दिवशी काय झाला व्हता?"

बाळ हत्यारं पिशवीत भरू लागला. मित्रांपैकी एक जण फिस्सकन हसला. मनाली चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने कप बापाजवळ ठेवला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सूनबाई," चंदर म्हणाला, "बाबांचा काम बरोबर झाला काय, बघ."

मनालीने पेन घेतलं. बापाचे ओठ लागलेलं टोक पदराने स्वच्छ पुसलं, आणि ओढलं.