वर चढणारी घळ

शाळेत गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. धड चार पुस्तके वाचून झालेली नाहीत आणि मी लिहायला बसलो, हे मलाच धीटपणाचे वाटते. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण एक गोष्ट डोक्यात सारखी फिरते, आणि ती लिहिल्यावाचून मला वाचायलाही बसवत नाही.

आमचे गाव अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या खाऱ्या पट्ट्यात आहे. जमीन काळी, खोल, कापसाला उत्तम; पण कुठेही विहीर खणा, पाणी तोंडात धरवत नाही. गोड पाण्याची विहीर एकच, आमच्या वावरात. पिंजाऱ्यांच्या घरच्या बायका आणि माझी माय, कोणाचा दोर आधी यावरून तिथे रोज भांडत आणि भांडतच एकमेकींच्या घागरी उचलून देत.

वावराच्या खालच्या अंगाला नाला. वावर आणि नाला यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा होता, त्यावर चार बाभळी. हा आमचा धुरा. धुऱ्यावर नांगर घालायचा नाही अशी रीत होती. का, ते कोणी सांगत नसे.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेला आमचा कापूस हवासा झाला. अकोल्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिवसभर तुटेना. लोकांनी गायरानाच्या कडा नांगरल्या, मग धुरे. वडील मात्र अडून बसले. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेतून सुटीला आलो होतो. मी दोरी धरून धुरा मोजला आणि म्हणालो, कापसाची सात तासं, म्हणजे सात ओळी, सहज बसतील.

वडील धुऱ्यावरून नाल्यापर्यंत चालत जाऊन आले. मग म्हणाले, "माह्या बापानं नाही मोडला. पण तू शिकला हायेस. तूच सांग."

मी मोडा म्हणालो.

पहिल्या पावसाळ्यात नाल्याच्या काठाला सुपाएवढी खोक पडली. दुसऱ्यात तिची घळ झाली आणि तीत बैल दिसेनासा होऊ लागला. माझा थोरला भाऊ, दादा, थट्टेने म्हणायचा, नाल्याले आपलं वावर आवडलं, आता सोयरीक करा. वडील दरवर्षी पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे नेऊन घळीच्या तोंडाशी, नाल्याकडे, दाबून बसवत. विहिरीची काळजी कोणालाच नव्हती. ती घळीच्या वर, चढाला होती. पाणी खाली जाते. चढावरच्या विहिरीला काय होणार? मलाही तसेच वाटे.

पुढे मी पुण्याला कॉलेजात आलो. या पावसाळ्यात आमच्या गुरुजींनी नद्यांचा पाठ घेतला. डोंगर झिजून त्यांची माती सखल भागात पसरते, हे ऐकताना मला गावातून दिसणारी गाविलगडाची निळी रेघ आठवली आणि बरे वाटले. मग त्यांनी घळीचे चित्र काढले. पाणी घळीच्या माथ्यावरून खाली पडते, पायथ्याशी खड्डा करते, वरचा काठ पोकळ होऊन ढासळतो. पाणी खाली वाहते, पण घळ मागे सरकते, चढाच्या दिशेने. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा असतात, तिथे हे फार लवकर होते.

 मी गावाहून निघालो तेव्हा घळीचा माथा विहिरीपासून वीस पावलांवर होता. आणि आम्ही भारे भरत होतो खालच्या तोंडाशी.

त्याच दिवशी घरी पत्र टाकले. पऱ्हाट्या माथ्याशी टाका, वर दगड रचा, वरून येणारे पाणी चर काढून बाजूला वळवा, उभा कापूस उपटून धुऱ्याला गवत लावा. आमच्या घरी वाचता कोणालाच येत नाही, म्हणून पटवाऱ्याने वाचून दाखवावे असेही लिहिले. उत्तर येईना. पाऊस लागला की मी उठून अंगणात जाई आणि पन्हाळीखालच्या मातीत ओघळ कसा मागे सरकतो ते बघत उभा राही. खोलीतला सोबती म्हणे, "अरे, विहीर काय पळून जाणार आहे?" मी हसत असे. अभ्यास होत नसे. गावाकडे पाऊस किती झाला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असे. कोणाला माहीत नसे.

काल उत्तर आले. अक्षर पटवाऱ्याचे, बोल वडिलांचे. माझे पत्र पोचण्याआधी आठ दिवस विहिरीचे एक अंग घळीत बसले. आत कोणी नव्हते. वरचे बांधकामही गेले, आणि ती गाळाने व गढूळ पाण्याने भरली. माय आता कोसभरावरून नदीचे पाणी आणते, पिंजाऱ्यांच्या बायका सोबत असतात. मोडायला सांगितल्याबद्दल मला एक शब्द नाही. शेवटी इतकेच आहे:

"घळ थांबली नाही. आता वरच्या वावराकडं निघून राहिली. दगड नेमके कुठं टाकाचे, ते लवकर लिहून धाडजो."